हिशेबात नसलेले सामने

वार्षिकाचे काम सुरू झाले, की विद्यार्थी-संपादक शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी घुटमळू लागतात. यंदा त्यांनी आम्हांला लेखाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘बेसबॉल’ असे उत्तर दिले. त्यांतील एकाने दुसऱ्याकडे पाहिले आणि भीत भीत विचारले, “सर, पण आपल्या तालुक्यात बेसबॉल खेळतो कोण?” शंका रास्त होती. आमच्या गावात क्रिकेटवेडे घरोघर आहेत, फुटबॉलवर तर गोमंतकीयांचा जीवच आहे. परंतु बेसबॉलची बॅट कोणाच्या पडवीत आढळणार नाही. आम्ही स्वतःही हा खेळ कधी खेळलेलो नाही. तरीही त्यावर लिहिण्यास कारण आहे. शाळेतील एका साध्या नियमाविषयी दहा वर्षे शिकवूनही जे आम्हांला उमगले नव्हते, ते त्या खेळाचे रसिक आपापसांत वाद घालीत असता ऐकून थोडेफार उमगले. आणि उमगण्यापूर्वी आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय होऊन गेला होता.

२०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या ताईची शस्त्रक्रिया ठरली. ती व भावोजी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील मेसा या शहरी राहतात. भावोजींना नोकरीतून सवड नव्हती, म्हणून आम्ही बिनपगारी रजा काढून सहा आठवडे तिच्या सोबतीस गेलो. दिवस घरकामात जाई. सायंकाळी ताईला डोळा लागला, की आम्ही अंगणात येऊन बसत असू. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचे संत्र्याचे झाड होते. त्या दिवसांत ते फुलले होते आणि त्याच्या वासाने आम्हांला घरच्या परसातील पपनसाची आठवण होई. त्या झाडाखाली चार खुर्च्या मांडून रोज एक बैठक भरे. तिसऱ्या दिवशी आमच्यासाठी पाचवी खुर्ची मांडण्यात आली.

बैठकीचे यजमान ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ होते. ते मूळचे शिकागोचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. तिकडच्या बर्फाला कंटाळून हिवाळा काढण्यास दरवर्षी ॲरिझोनात येत. त्यांची पत्नी एके काळी परिचारिका होती. तिसरे होते त्यांचे एक स्नेही, ज्यांनी तीस वर्षे शाळांच्या सामन्यांत पंचाचे काम केले होते. चौथी त्यांची नात, महाविद्यालयात शिकणारी. चौघांच्या बोलण्याचा विषय एकच असे : येणारा हंगाम.

मृग लागण्यापूर्वी आपले शेतकरी बांधावर बसून ज्या गोडीने पावसाचे बोलतात, त्याच गोडीने हे लोक बेसबॉलचे बोलत. अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत ३० संघ आहेत. हिवाळा सरत आला, की त्यांतील १५ फ्लॉरिडात व १५ ॲरिझोनात सरावासाठी उतरतात. फेब्रुवारीच्या मध्यास प्रथम चेंडू फेकणारे पिचर आणि तो झेलणारे कॅचर येऊन दाखल होतात. त्या दिवसाची रसिक महिनाभर वाट पाहत असतात. मग सुमारे पाच आठवडे सरावाचे सामने चालतात. या सामन्यांत कोण जिंकले, कोण हरले, याची नोंद हंगामाच्या हिशेबात धरली जात नाही. तरीही माणसे तिकिटे काढून येतात आणि मैदानाच्या कडेच्या हिरवळीवर चादरी अंथरून उन्हात बसतात. आमच्या यजमानांचा जीव शिकागोच्या कब्ज संघावर होता, आणि तो संघ मेसातच सरावास येतो. त्या वर्षी अटलांटाकडून खेळणारा डॅन्स्बी स्वॉन्सन हा खेळाडू कब्जनी सात वर्षांच्या कराराने घेतला होता. त्याचा पाय नीट पडतो की नाही, यावर एक संपूर्ण सायंकाळ खर्ची पडली.

परंतु त्या वर्षीचा खरा वाद नियमांचा होता. तो कळण्यापुरता खेळ थोडक्यात सांगतो. पिचर चेंडू टाकतो, बॅटर तो टोलवतो. योग्य पट्ट्यात पडलेला चेंडू सोडला किंवा हुकला, तर ‘स्ट्राइक’. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चेंडू पट्ट्याबाहेर पडला आणि बॅटरने तो सोडून दिला, तर ‘बॉल’. चार बॉल झाले की बॅटर आयताच पहिल्या बेसवर जातो. तीन गडी बाद झाले की डाव दुसऱ्याकडे, आणि असे नऊ डाव. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटे संपली की सामना संपतो. बेसबॉलमध्ये शेवटचा गडी बाद होईपर्यंत तो संपत नाही. मग कितीही रात्र होवो.

याचा परिणाम असा झाला होता, की सामने लांबत चालले. पिचर चेंडू चोळीत उभा राही, बॅटर प्रत्येक चेंडूनंतर हातमोजे सैल करून पुन्हा आवळी. २०२२ साली नऊ डावांच्या सामन्यास सरासरीने तीन तासांहून अधिक वेळ लागत होता. म्हणून २०२३ पासून मैदानात घड्याळ आले. बेसवर कोणी नसेल तर पिचरने १५ सेकंदांत, धावणारा गडी असेल तर त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे २० सेकंदांत चेंडू टाकण्यास आरंभ करावा. न केल्यास एक बॉल दंड. बॅटरने घड्याळात ८ सेकंद उरण्याच्या आत सिद्ध होऊन पिचरकडे पाहावे. न पाहिल्यास एक स्ट्राइक दंड. याच वर्षी बेसची गादी १५ इंचांवरून १८ इंचांची झाली, आणि क्षेत्ररक्षकांनी एकाच बाजूस गर्दी करण्यास बंदी आली. परंतु झाडाखालच्या बैठकीत घड्याळापुढे बाकी सारे फिके होते.

यजमानांना ते मुळीच मान्य नव्हते. ते म्हणत, “जगातल्या सगळ्या गोष्टी घड्याळावर चालतात. एक हा खेळ तेवढा राहिला होता.” मग ते २०१६ ची कथा सांगत. कब्जनी १९०८ साली अजिंक्यपद मिळवले होते. त्यानंतर १०८ वर्षे ते त्यांच्या वाट्यास आले नाही. २०१६ च्या २ नोव्हेंबरला क्लीव्हलँड येथे सातवा व अखेरचा सामना नऊ डावांनंतर बरोबरीत होता. मग पाऊस आला, १७ मिनिटे खेळ थांबला, आणि दहाव्या डावात कब्ज ८-७ असे जिंकले. “माझे वडील वाट पाहता पाहता गेले,” ते म्हणत, “ज्या खेळाने मला इतके थांबायला लावले, त्याला आता पंधरा सेकंद थांबवत नाही?”

त्यावर त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, “मी पहाटेच्या पाळीला जात असे. चाळीस वर्षांत रात्रीचा सामना शेवटपर्यंत पाहिल्याचे मला फारसे आठवत नाही. तुमचा हा अनंत काळ कोणाच्या झोपेतून वजा होत होता, ते एकदा विचारा.” नात टाळ्या पिटून हसली. पंच-स्नेही म्हणाले, “घड्याळ सामन्याला लावलेले नाही. हातमोजे आवळण्याला लावले आहे.” यजमान काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तीच कथा त्यांनी पुन्हा सांगितली.

अशातच २५ फेब्रुवारी उजाडला. फ्लॉरिडातील नॉर्थ पोर्ट येथे अटलांटाचा ब्रेव्ह्ज संघ बॉस्टनशी सरावाचा सामना खेळत होता. नवव्या डावाचा अखेरचा भाग, ६-६ अशी बरोबरी, दोन गडी बाद, तिन्ही बेस भरलेले, आणि बॅटर कॅल कॉन्ली याच्यापुढे तीन बॉल व दोन स्ट्राइक. याहून ताणलेला क्षण या खेळात येत नाही. आणखी एक बॉल पडता तर अटलांटाचा संघ जिंकता. पंचांनी खेळ थांबवला. कॉन्लीला वाटले, पिचरने वेळ चुकवली. म्हणून तो आनंदाने पहिल्या बेसकडे निघालाही. परंतु चूक त्याची ठरली होती. घड्याळात ८ सेकंद उरले तेव्हा तो सिद्ध नव्हता. दंडाचा स्ट्राइक तिसरा ठरला, तो बाद झाला आणि सामना बरोबरीतच संपला. चेंडू टाकलाच गेला नव्हता!

त्या सायंकाळी झाडाखाली रण माजले. यजमान थरथरत म्हणाले, “पाहिलेत? अखेरचा चेंडू टाकू न देताच निकाल!” नात म्हणाली, “नियम सर्वांना ठाऊक होता, आजोबा. त्याच्यासाठी वेगळा कसा करायचा?” हे वाक्य ऐकले मात्र, आणि आमच्या हातातला चहा तसाच राहिला. कारण हेच वाक्य, याच शब्दांत, दोन महिन्यांपूर्वी आम्ही स्वतः उच्चारले होते.

ती गोष्ट आता सांगितली पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरात आपल्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. प्रत्येकास पाच मिनिटे. चार मिनिटांनी एक घंटा, पाच मिनिटांनी दुसरी, आणि दुसऱ्या घंटेला वक्त्याने थांबायचे. घंटा आमच्या हाती होती. आठवीतील एक मुलगा बोलण्यास उभा राहिला. तो बोलताना अडखळे. काही अक्षरे त्याच्या ओठांशी येऊन थबकत. विषय त्याने स्वतः निवडला होता : नदीवर होडी चालवणारा त्याचा आजोबा. तो सुरेख बोलत होता, पण सावकाश. शेवटच्या वाक्याशी पोहोचला आणि पहिल्याच अक्षरावर अडला. ओठ उघडे, डोळे समोर. आम्ही घड्याळ पाहिले, पाच मिनिटे झाली होती. आम्ही घंटा वाजवली. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग नमस्कार करून खाली गेला. एक सहकारी नंतर म्हणाल्या, “अर्धे मिनिट दिले असते तर?” तेव्हा आम्ही उत्तर दिले, “नियम सर्वांना ठाऊक होता. त्याच्यासाठी वेगळा कसा करायचा?” या उत्तराचा आम्हांला तेव्हा अभिमानही वाटला होता.

पंच-स्नेही त्या सायंकाळी बराच वेळ गप्प होते. अखेर ते यजमानांना म्हणाले, “तू रागावतोस कशावर? त्याचे काय गेले? हा सामना हिशेबात नाही. ही चूक त्याने आज केली, म्हणून हंगामात करणार नाही. चुका करून घेण्यासाठीच हे पाच आठवडे असतात.” मग आमच्याकडे वळून त्यांनी सांगितले, की नियमही असाच सराव करून आला आहे. धाकट्या स्पर्धांत असे घड्याळ २०१५ पासून लावून पाहिले जात होते. आणि या सरावातही केवळ खेळाडू नियम शिकत नाहीत. नियमही खेळाडूंकडून शिकतो. हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. मार्चच्या उत्तरार्धात, हंगामाच्या तोंडावर, सरावात आलेल्या अनुभवावरून घड्याळाच्या नियमास काही स्पष्टीकरणे जोडण्यात आली.

त्या आठवड्यातील एका दुपारी यजमान आम्हांला सामना पाहण्यास घेऊन गेले. ताईची प्रकृती तोवर सुधारली होती, म्हणून तीही आली. तासाभराने तिने आमच्या कानात कोकणीतून विचारले, “आनीक कितलो वेळ?” यजमानांना भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला, ते खळखळून हसले. त्यांच्या मांडीवर एक वही होती. प्रत्येक चेंडूचे काय झाले, ते पेन्सिलीने बारीक खुणांनी त्यात मांडीत होते. आम्ही विचारले, “हे सामने हिशेबात नसतात ना, मग लिहिता कशाला?” ते म्हणाले, “त्यांच्या हिशेबात नसतील. ही पोरे इथे चुकली, हे कोणीतरी प्रेमाने पाहिले होते, एवढे तरी कुठे लिहिलेले असावे.”

मार्चच्या २१ तारखेस मायामी येथे जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेत नवे घड्याळ नव्हते. जपानच्या शोहेई ओहतानीसमोर अमेरिकेचा माइक ट्राउट उभा होता. त्या वेळी एरवी दोघे एकाच संघात होते. पुन्हा तीन बॉल, दोन स्ट्राइक, दोन गडी बाद. ट्राउटची बॅट हुकली आणि जपान ३-२ असे जिंकले. यजमान विजयी मुद्रेने म्हणाले, “या चेंडूपूर्वी कोणी सेकंद मोजले का?” नातीजवळ उत्तर नव्हते. वाद असा, की दोन्ही बाजू खऱ्या. आम्हां शिक्षकांना अशा वादांची सवय नसते. आम्हांला उत्तरपत्रिकेत एकच उत्तर बरोबर धरण्याची सवय.

३० मार्चला हंगाम सुरू झाला. आमचा परतीचा प्रवास दोन दिवसांवर होता. कब्जचा सामना शिकागोत मिलवॉकीशी होता आणि आम्ही सारे यजमानांच्या दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. तिसऱ्या डावात पंचांनी हात वर केला. हंगामातील वेळ चुकल्याचा पहिलाच दंड, आणि तो कब्जचा पिचर मार्कस स्ट्रोमन याला! सगळ्यांनी यजमानांकडे पाहिले. त्यांनी शांतपणे पेन्सिल उचलून वहीत एक खूण केली आणि म्हणाले, “बॉल. पुढे खेळा.” कब्ज ४-० असे जिंकले.

पुढे वर्षअखेर आकडे आले. सामन्याची सरासरी सुमारे २४ मिनिटांनी कमी होऊन २ तास ४० मिनिटांवर आली. पळून बेस गाठण्याच्या घटना २०२२ मध्ये २,४८६ होत्या, त्या २०२३ मध्ये ३,५०३ झाल्या. नातीने ते आकडे आम्हांला कळवले. यजमानांचा निरोप निराळा होता : सामने आता पत्नीसह शेवटपर्यंत पाहतो.

वाचकांस वाटेल, आम्ही परत येताच शाळेतील नियम सुधारला असेल. तसे झाले नाही. शहाणपण विमानातून आणता येते, पण ते वापरण्यास लागणारे धैर्य इथेच मिळवावे लागते. जून गेला, चतुर्थी गेली. त्या मुलाशी आम्ही त्या घंटेविषयी चकार शब्द काढला नाही. मग ६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज बांगलादेशाविरुद्ध ‘टाइम्ड आउट’ झाला. दोन मिनिटांची मुदत, हेल्मेटचा तुटलेला पट्टा, बांगलादेशाच्या कर्णधाराचे अपील, आणि एकही चेंडू न खेळता माघार! आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असे प्रथमच घडले. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात दोन तट पडले. ‘नियम तो नियम’ असे एक तट, ‘हे खिलाडूपणाचे नव्हे’ असे दुसरा. तेव्हा मागच्या बाकावरून तो मुलगा उठला आणि दोनदा अडखळून त्याने विचारले, “सर, नियम मोडण्यापूर्वी तो एकदा करून पाहायला मिळत नाही का?”

वर्ग हसला. आम्ही हसलो नाही.

त्या महिन्यात आम्ही मुख्याध्यापकांची अनुज्ञा घेऊन स्पर्धेपूर्वीचे तीन शनिवार मागून घेतले. अर्धी शाळा सुटल्यावर ज्यास हवे त्याने व्यासपीठावर यावे, पाच मिनिटे बोलावे, घंटेचा अनुभव घ्यावा. गुण नाहीत, परीक्षक नाहीत. या भाषणांना मुलांनीच नाव दिले : ‘हिशेबात नसलेली भाषणे’. पहिल्या शनिवारी सात मुले आली, तिसऱ्या शनिवारी एकतीस. आणि आमची घंटाही शिकली. घड्याळ वक्त्याच्या पाठीमागे असते, त्याला दिसत नाही, हे वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. ते समोर आले. पहिल्या घंटेने मुले दचकतात, असे दिसले. म्हणून तिच्या जागी पिवळी पाटी आली. सर्वांत मोठा बदल एका ओळीचा होता : दुसऱ्या घंटेपूर्वी सुरू झालेले वाक्य पुरे करू द्यावे. हा नियम कोणा एकासाठी वेगळा केलेला नव्हता. तो सर्वांसाठी होता, आणि पहिल्याच शनिवारी त्याची गरज अडखळणाऱ्या नव्हे, तर घाईने बोलणाऱ्या मुलांनाच अधिक भासली.

तो मुलगा तिन्ही शनिवारी आला. पहिल्या दोन वेळी घंटेने त्याला मध्येच गाठले. त्याच दिवसांत एकदा आम्ही त्याला बाजूस घेऊन मागील वर्षीच्या घंटेबद्दल क्षमा मागितली. तो गोंधळून म्हणाला, “तुमची वेळ बरोबर होती, सर.” त्याने आम्हांला दोष दिला असता तर आम्हांला अधिक बरे वाटले असते.

स्पर्धेच्या दिवशी त्याने तोच विषय घेतला. पिवळी पाटी वर गेली, ती त्याने पाहिली. शेवटचे वाक्य त्याने सुरू केले आणि पुन्हा एका अक्षरावर थबकला. आम्ही घंटा वाजवली. सभागृहात कोणी हलले नाही. मग तो म्हणाला, “होडीतला शेवटचा माणूस उतरल्याशिवाय आजोबा वल्हे खाली ठेवीत नसे.” आणि नमस्कार करून खाली उतरला. त्याला बक्षीस मिळाले नाही. वर्षभर अडून राहिलेले ते वाक्य मात्र पुरे झाले.

आता तो शाळेतून बाहेर पडला आहे. त्याच्या संमतीने, नाव न सांगता, हे लिहिले आहे. तिकडे झाडाखालच्या बैठकीत नवा वाद पेटला आहे. चेंडू पट्ट्यात पडला की नाही, याविषयी पंचाचा निर्णय न पटल्यास बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनी डोक्यावर हात ठेवून यंत्राकडे दाद मागावी; प्रत्येक संघास आरंभी अशा दोन संधी, दाद खरी ठरली तर संधी शाबूत. असा नियम २०२६ च्या हंगामापासून आणण्याचे २०२५ च्या सप्टेंबरात ठरले. तोही आधी धाकट्या स्पर्धांत आणि २०२५ च्या सरावाच्या सामन्यांत पारखून घेतलेला. पंच-स्नेही यंत्रावर रुसले आहेत, आणि गंमत अशी, की यजमान या वेळी नियमाच्या बाजूने आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, नियम पाळावेत, हे तुम्हांला आम्ही नेहमीच सांगतो आणि पुढेही सांगू. एवढेच त्यात जोडतो, की जो नियम तुमच्यावर लागू होणार आहे तो आधी एकदा करून पाहू देण्याचा आग्रह तुम्ही धरावा, आणि उद्या नियम करण्याची पाळी तुमच्यावर आली तर इतरांना ती संधी द्यावी. यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेपूर्वीचे तीन शनिवार राखून ठेवले आहेत. घंटा आमच्याच हाती असेल. ज्यांना चुकायचे असेल त्यांनी अवश्य यावे.